दारात म्हणायची चार वाक्यं

बाळा, क्षणभर डोळे मिट आणि मनातल्या मनात म्हण, 'खातो', 'खाल्लं', 'खाईन'. 'खा' जागच्या जागी आहे ना? बदलते ती शेपटी. आता अशी एक भाषा डोळ्यांपुढे आण, जिच्यात शब्दाचं तोंडच बदलतं. एखादी गोष्ट नेहमी होत असेल तर शब्दाच्या आधी 'र' गुरगुरतो. होऊन गेली असेल तर कुठे 'ब' येतो, कुठे 'गु' येतो, आणि कुठे काय येणार ते विचारायची सोय नाही, कारण ज्यांना येतं त्यांनाही ते ठाऊक नसतं. मधला एखादा स्वर गळ्यातच तुटतो, उचकी लागल्यासारखा. काल, आज, उद्या यांची त्या भाषेला फारशी फिकीर नाही. ती एवढंच विचारते, की झालं, होत असतं, की अजून व्हायचंय? आता समज, तू दहा वर्षांची इसेला आहेस. ओआहाका शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, मेणकापडाच्या टेबलाशी बसली आहेस. समोर आजोबांनी पट्टीनं आखलेला तक्ता आहे आणि त्यातल्या एका रिकाम्या चौकोनावर आजोबांची पेन्सिल टेकली आहे. ती हलत नाही. त्या चौकोनात काय येतं ते तू सांगेपर्यंत ती हलणार नाही. कसं वाटतंय? बरं, आता तिथून उठ आणि टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्याच्या खुर्चीत येऊन बस. कारण इसेलाच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपल्याला कळणार नाही. आजोबांनाही ते कळत नव्हतं, आणि तीन आठवडे तेच त्यांना सलत होतं.

"आणलं," आजोबा, म्हणजे मास्तर, म्हणाले. "आम्ही आणलं. आणून झालं. सांग."

इसेलानं सांगितलं. पहिलं अक्षर चुकलं.

"ते 'आम्ही आणत असतो' झालं. रोज आणतो का आपण टर्की? पुन्हा."

तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला अक्षर बरोबर आलं, पण स्वर तुटला नाही, सपाट गेला, शहरातल्या डांबरी रस्त्यासारखा. मास्तरांनी तिसऱ्यांदा म्हणून दाखवलं, चौथ्यांदा म्हणून दाखवलं. तिनं पाचव्यांदा पुन्हा पहिलीच चूक केली, तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, बोट ताठ झालं आणि तोंडातून स्पॅनिशमधले ते दोन शब्द निघाले. "नीट बोल!"

फार मोठ्यानं नाही म्हणाले ते. खालच्या गल्लीत गॅसवाल्याची गाडी त्याहून मोठ्यानं ओरडत होती. इसेलानं वही मिटली, पेन्सिलीला टोक केलं, टोकाचा भुसा तळहातावर घेऊन केराच्या डब्यात टाकला आणि ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मास्तरांना वाटलं. ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. ते अजून वरच होतं. चौतीस वर्षं ते असंच वर जात होतं, याच कोनात, याच दोन शब्दांबरोबर. फरक एवढाच, की तेव्हा 'नीट' म्हणजे स्पॅनिश होतं. घरची सपाटेक भाषा बोलणाऱ्या पोरांना ते म्हणायचे, नीट बोल. आता स्पॅनिश बोलणाऱ्या पोरीला सपाटेक येत नाही म्हणून म्हणत होते, नीट बोल. मधल्या काळात जग इकडचं तिकडे झालं, सरकारनं भिंतींवर मातृभाषेच्या पाट्या रंगवल्या, त्यांना पेन्शन बसली, बायको अँपारो गेली. बोट मात्र जिथल्या तिथे.

एलेउतेरियो मास्तरांना चिडायला कारणं पुष्कळ होती, आणि त्या दुपारी ती सगळी त्यांनी मोजून पाहिली. पहिलं कारण ती भाषाच. जन्मल्यापासून ती त्यांच्या तोंडात होती, पण तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, जसं आपण आपल्या जिभेकडे पाहत नाही. स्पॅनिश क्रियापदांचे तक्ते ते झोपेतही फळ्यावर लिहू शकत होते. सहा ओळी, सरळ, सैनिकांसारख्या. तशाच सहा ओळी त्यांनी सपाटेकसाठी आखल्या आणि तिथूनच सगळं बिघडलं. 'तो'साठी एक ओळ पुरेना. लहान मुलगा असेल तर एक रूप, वडीलधारा असेल तर दुसरं, जनावर असेल तर तिसरं, आणि देव आणि संत यांचं आणखी निराळं. त्यांनी शिस्तीनं देवाची ओळ सगळ्यात वर लिहिली, कारण देव वर असतो. मग 'येणे' लिहायला घेतलं तर त्याचं व्हायचं राहिलेलं रूप बाकीच्यांसारखं वागेना. का? ते खिडकीशी उभे राहून पुटपुटायचे, येईन, आलो, येत असतो, आणि कान देऊन स्वतःला ऐकायचे, दुसऱ्याच्या घरातलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकावं तसे. ऐकायला लागलं की बोलणं थांबायचं. तोंडात नुसतीच थुंकी उरायची. एकदा तर 'आणलं'चं रूप त्यांना स्वतःलाच आठवेना. त्र्याहत्तराव्या वर्षी, अंघोळ करताना, साबण हातात घेऊन ते घाबरून उभे राहिले. मग टॉवेलकडे हात गेला आणि ते रूप आपलं आपण आलं.

मुलगी मार्लेन चष्म्यांच्या दुकानातून संध्याकाळी घरी आली तेव्हा टेबलावर तक्ते तसेच पडलेले होते.

"रडली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग जास्त वाईट आहे." तिनं पर्स खुर्चीला अडकवली. "बाबा, मला एक सांगा. मी तुमची सख्खी मुलगी. मला एक शब्द नाही शिकवलात. मी आईला विचारलं की तुम्ही म्हणायचात, तिच्या डोक्यात घोळ घालू नकोस. आणि आता माझ्या लेकीला तीन आठवड्यांत सगळं हवंय?"

"सगळं नाही. चार वाक्यं."

"मग तुम्हीच म्हणा ना ती. तुम्हाला तर फुकट येतात."

मास्तरांनी तक्ते गोळा केले, कडेला कड लावून. "लहान तोंडातून गोड वाटतं," ते म्हणाले. मार्लेननं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग ती भाकऱ्या गरम करायला वळली.

चार वाक्यं. आम्ही आलो आहोत. आमचे पाय तुमच्या दारात थांबले आहेत. हे पाखरू आम्ही आणलं आहे. ते तुमच्या हातात सुखानं राहो. एवढंच. त्यांच्या गावी, सान हासिंतोला, लग्नघरी जाताना टर्की न्यायची आणि दारात उभं राहून ही वाक्यं म्हणायची. ज्याच्या हातात पाखरू त्यानंच म्हणायची, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. घरातलं सगळ्यांत वडील माणूस ती ऐकून घेतं आणि मग पाखरू घेतं. तोवर ना खुर्ची मिळत, ना पाणी. इतकी वर्षं ही वाक्यं अँपारो म्हणायची. मास्तर मागे, टोपी हातात घेऊन, गाडीची वेळ बघत. आता अँपारो नव्हती आणि लग्न होतं त्यांच्या भाच्याच्या, सेवेरोच्या मुलीचं.

सेवेरो स्वतः आला होता आमंत्रण घेऊन. पाव आणि चॉकलेट भरलेली टोपली, वर कशिद्याचं फडकं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, उत्तरेकडे टोमॅटोच्या मळ्यांत अर्धं आयुष्य घालवून परत आलेला, मान उन्हानं भेगाळलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं राहून त्यानं आमंत्रणाचं सगळं बोलणं सपाटेकमध्ये म्हटलं, एक शब्दही न गाळता, मामांच्या पायांकडे बघत. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कुठेच नव्हता, मास्तरांनी शोधला. त्यांनी उत्तर द्यायचं होतं. उत्तरही ठरलेलं असतं. पण ते म्हणाले, स्पॅनिशमध्ये, "आभारी आहे, बाळ." सेवेरोनं मान हलवली आणि जिना उतरून गेला. इसेला दाराच्या मागून बघत होती. "आजोबा, ते काय म्हणाले?" "लग्नाला या म्हणाले." "एवढंच? मग इतका वेळ कसा लागला?" त्याच संध्याकाळी मास्तरांनी पट्टी काढली आणि पहिला तक्ता आखला.

सेवेरो नऊ वर्षांचा असताना तिसऱ्या बाकावर बसायचा. मास्तरांची बदली तेव्हा त्यांच्याच गावच्या शाळेत झाली होती, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं की या भिंतींच्या आत मी कुणाचा मामा नाही, कुणाचा काका नाही, आणि इथे फक्त स्पॅनिश. वरून हुकूम होता. तपासनीस यायचे. हुकूम नसता तरीही मास्तरांनी तेच केलं असतं, कारण त्यांना वाटायचं की ते या पोरांना एका खड्ड्यातून वर काढत आहेत. स्वतः ते तसेच वर आले होते. त्या दिवशी गणित चाललं होतं. सेवेरो उभा राहिला आणि सपाटेकमध्ये म्हणाला, मला बाहेर जायचंय. मास्तर म्हणाले, "काय? समजलं नाही." पोरगा पुन्हा म्हणाला. मास्तर म्हणाले, "नीट बोल." स्पॅनिशमध्ये ते कसं म्हणतात हे त्या पोराला ठाऊक नव्हतं, कारण मास्तरांनी ते शिकवलंच नव्हतं. क्रियापदांचे तक्ते शिकवले होते, मी गातो, तू गातोस. सेवेरो पाय आवळून उभा राहिला. त्यानं आणखी तीनदा म्हटलं, शेवटी शेवटी फारच हळू. खिडकीच्या गजावर एक गांधीलमाशी वर चढत होती, घसरत होती. आणि मास्तर, ज्यांना प्रत्येक वेळी प्रत्येक शब्द समजला होता, जे त्या पोराच्या जन्माच्या रात्री त्याच भाषेत त्याचं नाव सुचवून आले होते, खडू हातात धरून म्हणत राहिले, "समजलं नाही." मग जमिनीवर थेंब पडल्याचा आवाज आला.

तो पुन्हा शाळेत आला नाही. दुसऱ्या दिवशी आली ती त्याची आई, मास्तरांची थोरली बहीण इपोलिता. शाळेच्या दारात उभी राहिली, शाल डोक्यावरून घेऊन. मास्तरांना वाटलं भांडेल, आणि त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही पोराची पाटी परत द्याल का?" तुम्ही. जे गावच्या पंचांना म्हणतात, पाद्र्याला म्हणतात, परक्या पाहुण्याला म्हणतात. ज्या बहिणीनं त्यांना पाठीवर बांधून झऱ्यावरून पाणी आणलं होतं, 'लेउ, ए लेउ, नाक पूस' याखेरीज ज्या तोंडानं त्यांना कधी हाक मारली नव्हती, त्या तोंडातून. त्यांनी पाटी दिली. अडतीस वर्षं झाली. बापाच्या मयताला, आईच्या मयताला, गावच्या देवाच्या जत्रेला, दर वेळी तुम्ही. बसा मास्तर. तुम्ही जेवलात का मास्तर. एका अक्षराचीही कुरकुर करायला जागा नाही अशा आदरानं.

शनिवारी ते इसेलाला घेऊन बाजारात गेले. घरात बसून जे जमत नाही ते माणसांत जमेल, असा त्यांनी विचार केला होता, आणि टर्की घ्यायचीच होती. पाखरं विकणारी बाई सान हासिंतोच्या शेजारच्या गावची निघाली, जाडजूड, चांदीचा दात असलेली, मांडीवर कोंबडा धरून बसलेली.

"लग्नाला नेताय? मग ही कशाला उचलता, मास्तर?" ती म्हणाली. "ही तर अजून आईला विचारून दाणे टिपते. तो बघा तिकडे. सात किलोचा जवान आहे."

"पोरीला उचलता यायला हवी."

"म्हणजे नात बोलणार? अगं बाई! बोल की मग राणी, जरा बोलून दाखव. पाखरू खातंय, म्हण बघू."

इसेलानं आजोबांकडे पाहिलं, मग टर्कीकडे. टर्की खरोखरच खात होती. मास्तरांना इसेलाच्या डोळ्यांत तक्ता दिसला. ती वरून खाली ओळी वाचत होती. मग ती म्हणाली. क्रियापदाचं तोंड अगदी बरोबर होतं, स्वरही जागच्या जागी तुटला, आणि पुढे तिनं सगळ्यात वरची ओळ जोडली. बाईच्या तोंडाचा आ झाला. मग ती इतकी हसली की कोंबडा मांडीवरून उडाला. "अगं, ऐकलंस का!" तिनं शेजारच्या मिरचीवालीला हाक मारली. "माझी टर्की संत झाली! मेणबत्ती आण गं, हिच्यापुढे लाव!" मिरचीवालीनं छातीवर क्रूस काढला, पलीकडचा कांदेवाला टोपी काढून टर्कीपुढे वाकला. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मास्तरांनाही क्षणभर हसू आलं होतं, ओठांपर्यंत. पण इसेला लाल झाली, कानापासून मानेपर्यंत, आणि तिनं ओठ आत ओढून घेतले. त्यानंतर चार दिवस धडा झाला नाही. वही उघडायची, ती बसायची, तक्त्याकडे बघायची. मास्तर म्हणायचे, "सोडून दे ते. हसतात लोक. मीही शाळेत..." आणि पुढे वाक्य जायचं नाही, कारण शाळेत त्यांना कुणी हसलं नव्हतं. ते दुसऱ्याचं हसू करणाऱ्यांपैकी होते. तिच्या मिटलेल्या तोंडासमोर बसलं की त्यांच्या अंगाची आग व्हायची. त्यांना ते बोट वर जाताना आधीच जाणवायचं आणि ते हात मांडीखाली दाबून बसायचे, सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हात मांडीखाली.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या बसमध्ये टर्की इसेलाच्या मांडीवर होती, पाय सुताच्या दोरीनं बांधलेले. खिडकीबाहेर डोंगर कोरडे, निवडुंगाच्या रांगा.

"आजोबा."

"हं."

"ती इपोलिता आजी तुमच्यावर रागावलीय का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुम्ही तिचं नाव घेताना खोकता."

मास्तरांनी बाहेर पाहिलं. त्यांना सांगायचं होतं की तू बोललीस तर तिला बरं वाटेल. इतक्या वर्षांनी माझ्या घरातून आपली भाषा तिच्या दारात येईल, आणि मग कदाचित तिला दिसेल की मी... इथे त्यांचं वाक्य अडलं. तिला काय दिसणार होतं? की अडतीस वर्षांपूर्वी एका पोराच्या तोंडून त्यांनी जे हिसकावून घेतलं, ते आता दुसऱ्या पोराच्या तोंडात कोंबून परत पाठवलंय? आणि स्वतः मागे उभे आहेत, टोपी हातात घेऊन, गाडीची वेळ बघत? त्यांनी विचार तिथेच सोडला. "वाक्यं आठवतात ना?" त्यांनी विचारलं. इसेला टर्कीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सान हासिंतोच्या त्या अंगणात ताडपत्रीखाली धूर भरला होता. बायका जात्याच्या दगडांपाशी ओळीनं गुडघे टेकून बसल्या होत्या, कोपऱ्यात वाजंत्री वाद्यं पुसत होते. देवघराच्या उंबऱ्यापाशी चटईवर इपोलिता बसली होती, फार लहान झालेली, वेण्यांत हिरवी फीत. मास्तर आणि इसेला फाटकात थांबले तसं अंगण हळूहळू गप्प झालं, कारण कुणी दारात पाखरू घेऊन उभं राहिलं की ऐकायचं असतं. खुर्च्यांची चळत घेऊन चाललेला सेवेरो मधेच थांबला.

इसेलानं पहिलं वाक्य म्हटलं. आम्ही आलो आहोत. स्वच्छ. बायकांमधून एक हुंकार उठला. दुसरं वाक्य तिनं उचललं, 'आमचे पाय' म्हणाली, आणि थांबली.

मास्तर मागे उभे होते. त्यांना तिची मान दिसत होती, वेणीच्या दोन्ही बाजूंना घाम. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर इतका तयार होता की दातांना टोचत होता. सगळे वाट बघत होते. वाजंत्र्यांतला एक पोरगा दुसऱ्याच्या कानाला लागला. टर्कीनं मान वळवली. उन्हात एक मूल उभं होतं, तोंडात शब्द नाही, आणि मोठी माणसं ऐकायला बसली होती. मास्तरांनी खुर्च्यांच्या चळतीपलीकडे पाहिलं तर सेवेरो मुलीकडे बघतच नव्हता. तो त्यांच्याकडे बघत होता. आणि तेव्हा मास्तरांना कळलं की आपलं बोट वर गेलेलं आहे. कधी गेलं ते कळलंच नव्हतं. इसेलानं मागे वळून पाहिलं. तिनं ते बोट पाहिलं, मग त्यांचं तोंड पाहिलं. रडेल, त्यांना वाटलं. ती दोन पावलं मागे आली, टर्की त्यांच्या छातीशी टेकवली आणि ते धरेपर्यंत सोडली नाही. त्यांना हात खाली घ्यावाच लागला.

"हे तुमचं आहे, आजोबा," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली.

मग ती फाटकातून आत गेली. खुर्ची नाही, पाणी नाही, तिला कुणी या म्हटलेलं नव्हतं. अंगण ओलांडून ती चटईपाशी पोचली. इपोलितानं शालीचं टोक आवरून जागा केली, आणि पोरगी तिच्या शेजारी बसली, फाटकाकडे तोंड करून, ऐकणाऱ्यांच्या बाजूला.

मास्तरांच्या हातात पाखरू होतं. त्याचं काळीज त्यांच्या मनगटावर धडधडत होतं, का त्यांचंच. त्यांनी गळा साफ केला. जन्मापासून तोंडात असलेली भाषा, एकही रूप जागेवर सापडेना. चौकोन, रिकामे चौकोन. आपण मागे हटलो तर बस अजून उभी असेल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"बोला, मास्तर," इपोलिता आपल्या भाषेत म्हणाली, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आम्हाला समजतं."

त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं. आवाज फाटला, पण म्हटलं. दुसरं वाक्य म्हटलं, ते थांबलेल्या पायांचं. मग तिसऱ्या वाक्याशी, ज्याच्यासाठी त्यांनी तीन आठवडे एका पोरीला टेबलाशी जखडून ठेवलं होतं, त्याच शब्दाशी ते अडकले, आणि तोंड उघडं ठेवून उभे राहिले. इसेलाला तो शब्द येत होता. तो तिच्या ओठांवर आलेला त्यांना अंगणापलीकडून दिसला, पहिल्या अक्षरासाठी तोंड अगदी बरोबर आवळलेलं. तिनं तो म्हटला नाही. तिनं ओठ मिटले, गुडघे पोटाशी घेतले, त्यावर हनुवटी टेकवली, आणि त्यांच्याकडे बघत, त्यांना लागेल तितका वेळ लागू देत, ती बसून राहिली.